दुसरी सुई

८ मार्च ८६
त्रिगुणी लसीचा दुसरा डोस. बर्फाचा डबा घेऊन शाळेच्या पडवीत दोनपर्यंत बसले. एक पोर आलं नाही. मागच्या महिन्यात सोळा होते. डॉ. म्हणतात, घटसर्पाचं पोस्टर दाखवा, घाबरतील तर येतील. दाखवलं. बायका पोस्टरला घाबरल्या आणि मलाही.

११ मार्च
ब्रह्मपुरीहून आईचं पत्र. सुजूला पाच दात आले. माझ्या लेकीचा एकही दात मी येताना पाहिला नाही. दुसरी सुई द्यायला आई तयार नाही. 'पहिलीनं पोरगी तापली, आता मी देऊ देत नाई.' नर्सच्या घरी ही तऱ्हा! चिडून पत्र कपड्यांच्या पेटीत टाकलं. मग काढून चारदा वाचलं, दातांपुरतं.

१४ मार्च
मोहफुलांचे दिवस. गाव पहाटेपासून झाडांखाली, पडवीत कोण येणार? मीच गेले. जयबाईच्या टोपलीत फुलं वेचू लागले. तिचं पोर झोळीत, मागच्या महिन्यातल्या सोळांपैकी. वेचता वेचता म्हणाली, "सुईनं ताप आला बाई. तू सांगतलंच नाई."
नव्हतं सांगितलं. सांगितलं तर येणार नाहीत असं वाटलं. ताप येतो, दिवसभरात उतरतो, एवढंच तर बोलायचं होतं.
"तुह्या पोरीले देल्ली का दुसरी?"
हो म्हणून बसले.

१५ मार्च
राहवेना. जयबाईला खरं सांगितलं. रागावली नाही.
"तिले ताप होता तवा पाशी कोन होतं?"
माझी आई. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. सुई दिली आणि दुसऱ्या दिवशीची बस धरली.
"मंग तू जा. तिले दे, पाशी बस. मंग मी बी देईन. बाकीच्या माह्याकडंच पाहून राह्यल्या."
रजेचा अर्ज टाकला. कारण: घरगुती.

१८ मार्च, ब्रह्मपुरी
तीन दिवस मिळाले. सुजू आजीच्या पदराआड. हात पुढे केले तर रडली. किती दिवस हे हात असे पुढे करायचे होते.
आईला तापाचं सगळं सांगितलं, गोळ्या दाखवल्या, या वेळी मी बसते म्हटलं. उद्या दवाखान्यात लसीचा वार.
आई म्हणाली, "दे. मी नाई म्हणत नाई. पन आल्याआल्या टोचू नको तिले. दोन दिवस नुसती बस, तू कोन होय ते कळू दे."
आजचा दिवस बसमध्ये गेला. परवा परतीची बस. दोन दिवस नुसती बसले तर सुई राहते, आणि तिकडे जयबाई वाट पाहतेय.