पहिला ग्लास ओतून द्यायचा असतो

डेव्हनपोर्ट,
बुधवार, १८ जून

प्रिय कॉरीन,

कामावरची नवी पाळी कशी चालली आहे? पाय दुखत असतील, तर उगाच अंगावर काढू नकोस. इथे सगळं ठीक. आपल्याकडचा जूनचा हिवाळा, सकाळी शेडच्या पत्र्यावर दव गोठतं, बोटं बधिर होतात, पण बिअरला अशीच थंडी मानवते.

फोन करायचा सोडून पत्र काय लिहितोय, असं म्हणशील. फोनवर मी पटकन "हो, येतो" म्हणून मोकळा होतो. म्हणून लिहितोय.

तू म्हणालीस, "गेल्या गुरुवारी आणलंसच की टिलीला. आता सोमवारपासून रोज पोहण्याच्या क्लासवरून तूच आण. तुझ्याशिवाय कुणाच्या भरवशावर सोडू?" त्याचं उत्तर देतोच. आधी बिअरचं सांगतो.

चौदा महिन्यांपूर्वी तुझ्यासमोर दारू सोडली, तेव्हा तू म्हणाली होतीस, "मग ती घरी बनवणंही बंद कर." मी म्हणालो, आमच्या बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या मित्रांसाठी बनवतो, मी तोंडाला लावणार नाही. आणि बरेच महिने नाही लावली, हे खरं आहे. बादलीतली बिअर आंबून झाली की दोन दिवस थंडीत ठेवायची, गाळ तळाशी बसतो. मग नळी गाळाच्या वर धरून बिअर पोलादी केगमध्ये, त्या छोट्या पिंपात, उतरवायची, तळाची दोन बोटं बिअर बादलीतच सोडून द्यायची. कितीही जपलं तरी थोडा गाळ येतोच, आणि केगमधून ग्लासात बिअर ओढणारी नळी पार तळाला टेकलेली असते. त्यामुळे पहिला ग्लास गढूळ निघतो. तो ओतून द्यायचा. आम्ही सगळे तसंच करतो.

मार्चमध्ये एकदा मी तो ओतून दिला नाही.

चव घाण होती, कच्च्या कणकेसारखी. ही काय बिअर आहे, हा तर गाळ, असं मी स्वतःला समजावलं. फेकायचंच ते प्यालो, यात शब्द कुठे मोडला? पुढच्या केगला पुन्हा तेच. मग दर आठवड्याला नवा केग भरायला लागलो. भरलेला केग जागचा हलला की बसलेला गाळ पुन्हा वर येतो, म्हणून कुणीही तो हलवत नाही. मी हलवायला लागलो. कवेत घेऊन, बाळाला झुलवावं तसा. की पुन्हा एक पहिला ग्लास.

क्लबात नेव्हिल सगळ्यांना कौतुकाने सांगत असतो, "न पिणाऱ्याच्या हातची बिअर बघा, खिडकीची काच नुसती!" शनिवारी त्याने माझा केग उचलला आणि ओरडला, "अरे रसेल, हा तर निम्मा रिकामा! बाकीचा सगळा गाळच होता की काय?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच भरात आणखी एक केग हलवला.

आता गुरुवारचं.

मीटिंग लांबली म्हणून तू फोन केलास, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि माझे चार पहिले ग्लास झाले होते. मी "हो" म्हणालो. टिलीचे केस ओले होते. मागच्या सीटवरून म्हणाली, "रसेल मामा, किती हळू चालवतोस रे, आजीसारखा!" हळू चालवत होतो, कारण रस्त्यावरच्या एका पांढऱ्या रेघेच्या मला दोन दिसत होत्या. चौकात दुधाचा टँकर हॉर्न वाजवत हातभर अंतरावर येऊन थांबला. टिलीला वाटलं, ड्रायव्हर गंमत करतोय. तिने त्याला टाटा केला.

काही झालं नाही. तासाभराने तू आलीस, चहा केलास, निघताना मला जवळ घेतलंस. वास येऊ नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता.

कॉरीन, सोमवारी टिलीला माझ्या गाडीत बसवू नकोस. मी फोनवर रडेन, आता बरा आहे म्हणेन, तरी नाही. गाडीच्या दोन्ही किल्ल्या या पाकिटात आहेत. उद्या बसने येऊन तुझ्या टपालपेटीत टाकेन, दार वाजवणार नाही. मागितल्या तरी देऊ नकोस.

टिलीला मामाला वेळ नाही असं सांगू नकोस. खरं काय ते सांग.

तुझ्या मुलीला केवळ नशिबाने सुखरूप घरी आणणारा,
तुझा भाऊ
रसेल