लोणच्याच्या बरणीवरचा दगड

आई, तुझ्या लोणच्याच्या बरणीवरचा दगड मी कापला. फोडला नाही, कापला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थ बसून ऐकशील.

विहीर खणताना काळ्या खडकातून तो निघाला, नारळाएवढा, गोल. अण्णा घण घेऊन उभे. असल्या दगडात स्फटिक असतात, नगरचे व्यापारी विचारत फिरतात, असं त्यांचं म्हणणं. तू दगड पदराआड घेतलास. "फोडायचा न्हाई. लिंबावानी सरळ दोन फाकी करील त्यानंच उघडावा." असं माणूस घरात नव्हतं. मग तो बरणीच्या झाकणावर बसला, आणि आपल्या घरातला एकमेव स्थितप्रज्ञ ठरला.

यंदा सुट्टीत मी दगड कापायचं जुनं यंत्र घेतलं. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाने शेवटी दगडांकडेच वळावं, याचं तुझ्या सुनेला नवल वाटलं नाही. यंत्राला पातं होतं, पण दगड धरून पात्याकडे नेणारा व्हाइस नव्हता. एमआयडीसीतल्या वेल्डरकडून लोखंडाचे दोन सपाट जबडे करून आणले. नदीतला एक गोटा धरला, करकचून आवळला. पातं टेकताच गोटा कूस बदलावी तसा फिरला, पातं वाकलं, गोट्याच्या ठिकऱ्या उडाल्या. तुझा दगड शेजारीच होता. तो उचलून मी मुकाट्याने पुन्हा बरणीवर नेऊन ठेवला. दुसरा असा दगड कुठून आणणार होतो?

आवळून भागेना, म्हणून आणखी आवळायचं, एवढंच मला सुचत होतं. मग एका सकाळी चहा गाळताना एकदम तू समोर दिसतेस. मी लहान आहे, भरलेली घागर फरशीवर ठेवली आहे, ती कलंडून पाणी चुलीपर्यंत गेलं आहे, आणि तू ओली लाकडं बाजूला ओढत म्हणतेस, "दाबून काय धरतुस? गोल हाय ती. तिला चुंबळ दे, बसंल आपली आपण."

चहा तसाच ठेवून उठलो. लोखंडी जबड्यांवर बाभळीच्या फळ्या बसवल्या, फळ्यांवर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरमधून कापलेल्या दोन जाड, कड्यासारख्या चुंबळी ठोकल्या. एक जबडा एकाच बोल्टवर मोकळा ठेवला, दगडाचा कल असेल तसा वळेल असा. तुझा दगड त्यात ठेवला आणि हलक्या हाताने स्क्रू फिरवला. हलवून पाहिला, हलेना. सुनबाई दारातून म्हणाली, "एवढ्या मायेनं कधी पोरांना धरलं नाहीत."

दुपारभर नवं पातं चाललं. सुरुवातीला किंचाळलं, मग एका सुरात लागलं. मी बाजूच्या स्टुलावरून उठलो नाही, बटणावरचा हातही काढला नाही. संध्याकाळी व्हाइस सैल केला आणि दोन फाकी माझ्या दोन तळहातांवर आल्या. कड करड्या रेघांची, आत पोकळी, आणि पोकळीभर पांढरेशुभ्र स्फटिक, जसे काही आत्ताच धुतलेले. कुठेही टवका नाही. सुनबाई स्वतःहून दिवा घेऊन बघायला आली. हा विजय वेगळा मोजावा लागेल.

एक फाक खिडकीत आहे. दुसरी बरणीवर पालथी घातली आहे. कामाचा दगड नुसता शोभेला ठेवलेला तुला चालला नसता. हे पत्र मी बरणीखालीच सारून ठेवणार आहे. फक्त तू झाकण उघडू नकोस. आतलं लोणचं विकतचं आहे.