आधी व्याख्या, मग गोष्ट

प्रिय शहाणे,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? दोन वाक्यं होतात न होतात तोच "ताई, मुद्द्यावर ये" म्हणतेस, जशी काही मी तुझ्या तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आहे. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, आणि मी आज भयंकर चिडलेली आहे.

आधी खुशाली. तुझी लेक मजेत आहे असं मी तुला रोज सांगते, ते निम्मंच खरं. खारू नीट जेवते, झोपते, माझ्या दवाखान्यातल्या फिरत्या स्टुलावर गरागरा फिरते, कंपाउंडरकाकांना भंडावून सोडते. सुट्टीत मावशीकडे आलेल्या मुलीनं जे करावं ते सगळं करते. फक्त पुस्तकाला हात लावत नाही. शाळेत जायच्या आधीपासून औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत बसायची ती हीच ना गं? मला आपलं वाटलं, सुट्टी आहे, कंटाळली असेल.

काल दुपारी खरं काय ते कळलं. बाहेरच्या बाकावर एक चिमुरडी दाढ दुखते म्हणून गाल धरून रडत होती. तिची आई खारूला म्हणाली, हिला एखादी गोष्ट वाचून दाखव ना. खारूनं शेल्फवरून अस्वलाचं पुस्तक काढलं, आणि ते उघडायच्या आधी हात मागे बांधून ताठ उभी राहिली. पात्र म्हणजे काय, प्रसंग म्हणजे काय, सारांश म्हणजे काय, घडाघडा म्हणाली. मध्यवर्ती कल्पनेपाशी अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडली. मग पुस्तक जागेवर ठेवलं आणि त्या माउलीला सांगितलं, की मला वाचायची परवानगी नाही. मी हातमोजे घालून दारात उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती चिमुरडी तशीच रडत राहिली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा तुझ्या वर्गातली रीत बाहेर आली. भिंतीवर म्हणे रंगीत शब्दपट्ट्या आहेत. सगळ्या व्याख्या येतील त्यालाच कपाटातलं पुस्तक मिळणार, अडेल तो खिडकीजवळच्या 'पुन्हा' बाकावर. आणि आपली खारू अख्खं सत्र त्या बाकावर! घरी अर्थ विचारला तर तू म्हणायचीस, वर्गात विचार, नाहीतर लोक म्हणतील बाईंच्या मुलीला घरून उत्तरं मिळतात. अगं, पक्षपात दिसू नये म्हणून पोटच्या पोरीला इतरांपेक्षा कमी द्यायचं? याला तू न्याय म्हणतेस? मी भित्रेपणा म्हणते. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना चारचौघी काय बोलतील, याची तुला धास्ती. दुसरं काही नाही.

त्या शब्दांशी माझं काही वाकडं नाही. दातांची जीभ अडकेल अशी नावं घोकूनच मीही परीक्षा दिल्यात. पण आधी दाढेचं नाव सांग, मग कळ थांबवते, असं मी आजवर एकाही पेशंटला म्हटलेलं नाही. आणि आता ऐक. ती मायलेकरं गेल्यावर मीच ते पुस्तक घेतलं आणि मुद्दाम वाईट वाचायला लागले. अस्वल गुहेचं दार लावून बसतं, तिथे चांगली गुरगुरले. खारू लांबूनच म्हणाली, मावशी, ते रागावलेलं नाहीये, त्याला लाज वाटतेय, म्हणून ते दार उघडत नाही. पुस्तकात लाज हा शब्द कुठेच नाही, मी पानं उलटून पाहिली. तुझ्या भिंतीवरच्या पट्टीवर याला 'अनुमान' म्हणतात ना? ज्या मुलीला हे जमतं तिला तू त्या पट्टीखाली गप्प बसवून ठेवलंस! शाळा उघडली की तिला त्या बाकावरून उठव, किंवा सरळ दुसऱ्या तुकडीत घाल. परत तिथे बसवलीस तर ही मुलगी आपणहून पुस्तक कधीच उघडणार नाही, हे लिहून ठेव.

खरं म्हणजे हे पत्र मी लिहायचंच नव्हतं, खारू लिहिणार होती. आज सकाळी माझ्या टेबलाशी कागद घेऊन बसली, 'प्रिय आई' लिहिलं आणि थांबली. बऱ्याच वेळानं येऊन विचारते, मावशी, पत्राची मध्यवर्ती कल्पना आधी ठरवावी लागते का? मी म्हटलं, तुला आईला काय सांगायचंय ते मला सांग, मी कळवते. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं देते: मला आईची खूप आठवण येते, पण बाईंची येत नाही. रविवारी तिला न्यायला येशील, तेव्हा दोघींपैकी कोण येणार आहे ते मला आधी कळव.

तुझीच,
ताई