आई येईपर्यंत

४ ऑगस्ट
शाळा आवडली. खोली हवेशीर, नववीची एकतीस मुलं. माझा विषय संगणकीय विचार, पण संगणक अजून आलेलेच नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तोवर डोकी चालवा. म्हणून मीच यंत्र झाले. मुलांनी सूचना लिहायच्या, मी त्या शब्दशः पाळायच्या. एकाने ‘दार उघडा’ लिहिलंच नाही, तर मी बंद दारावर आपटले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, यंत्राला अक्कल नसते, पण डोळे तरी असतील की!” लेक गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले.

७ ऑगस्ट
आज पुनरावृत्ती शिकवली. अट पूर्ण होईपर्यंत तेच तेच करायचं. अट पूर्ण झालीच नाही, तर यंत्र कधीच थांबत नाही. घरी कागद तपासले. बत्तीस निघाले. एकावर नाव नव्हतं.
१. दारात उभी राहा.
२. हाक मार.
३. आई येईपर्यंत २ पुन्हा कर.
बिनचूक आहे. पूर्ण गुण दिले.

८ ऑगस्ट
कागद कुणाचाच नाही. मुलं शपथा घेतात. वर्गामागच्या कोठीचं दार आतून वाजल्यासारखं वाटलं. शिपाईमामा म्हणाले, उंदीर असतील.

११ ऑगस्ट
तोच कागद पुन्हा आला. आज अक्षर ओळखलं.
त्या दिवशी पाणी चढत होतं. सासूबाईंना आणायला निघताना लेकीला मी बजावलं होतं, मी येईपर्यंत दारातून हलू नकोस. पूल बंद झाला. मी पोचले नाही. तिने माझं ऐकलं होतं.

१२ ऑगस्ट
तासाला कोठीतून हाक आली. मुलांनीही ऐकली. वर्ग पलीकडच्या खोलीत हलवला. मी त्या दारापासून हटेना, म्हणून मला सक्तीची रजा.

१३ ऑगस्ट
किल्ली मागितली. शिपाईमामा हळूच म्हणाले, “बाई, नका उघडू. सकाळी मी बघितलं. दारामागे नुसती भिंत आहे.”
पण ती अजून तिथेच उभी असेल तर? मी गेल्याशिवाय ती थांबायची नाही.

१४ ऑगस्ट
उघडलं. भिंत नाही. घोट्याएवढं पाणी. ती पाठमोरी. म्हटलं, बाळा, आले मी —
हाक थांबली.
तिने कागद पुढे केला. नवी ओळ, ओली —
४. आता आई हाक मारेल. मुलं येईपर्यंत.

हात अजून माझा आहे. तोंड नाही. हाक जातेय, एकेकाच्या नावाने —
पावलं वाजतायत. मागच्या बाकावरची सगळ्यांच्या पुढे. पोरी, मागे फिर, ही मी ना