ओढ्याकडचा दगड

दमात्रिओस, पेरणीचा महिना, अष्टमी

ती. मेलिताताईस ल्यूकोनचा शि. सा. न. वि. वि.

मीठवाला उद्या तुमच्या ऑर्खोमेनोसला निघतोय, म्हणून घाईघाईत हा शिशाचा पत्रा कोरतोय. ताई, आपली मिर्तो बोलली! चार वर्षांत जिच्या तोंडून साधं ‘आई’ निघालं नाही, ती औतामागे चालता चालता बाबांचं पेरणीचं कवन म्हणायला लागली. फाळ किती खोल घालायचा, बैलाला विसावा कुठे द्यायचा, अगदी सगळं. ती जन्मायच्या आधीच बाबा गेले, आणि मला त्यांची कवनं धड येत नाहीत हे तू ऐकवतच असतेस. कुठून शिकली कोण जाणे. तिची आई, फिलिन्ना, तर आनंदाने दोन दिवस रडतेच आहे.

शेजारच्या निकिप्पाकाकूंशी बांधाचा वाद होता, तोही मिटला. हद्दीचा दगड पूर्वीपासून नाशपातीच्या झाडापाशीच होता, अशी मी मिर्तोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पंचांकडे मधाचे रांजण आधीच पोचले होते. एकटी विधवा बाई एवढं शेत करून काय करणार? रागावू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ल्यूकोन


द्वादशी

चि. ल्यूकोनास अनेक आशीर्वाद.

मिर्तोचं वाचून नाचावंसं वाटलं, पण पुढचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लगेच लिहायला बसले. गाढवा, तो दगड ओढ्याकडे होता! बाबांनी रोवला तेव्हा दोराचं एक टोक मीच धरलं होतं. त्या दिवशी त्यांनी बांधाचं कवन रचलं, मला एकदाच ऐकवलं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. त्यात आहे, शेजाऱ्याचं शेत खाणाऱ्याचे आधी बैल बसतात, मग पेरलेलं कुजतं, आणि शेवटच्या ओळीत, ज्याच्या डोक्यावर खोटी शपथ घेतली, त्याचं नाव येतं आणि त्याचा जीव जातो. पोर ते म्हणते का, नीट ऐक.

काळजीत असलेली,
मेलिता


पौर्णिमा

ती. ताईस सा. न.

म्हणते. चुलीपाशी बसून, बाबांसारखीच आधी दोनदा खाकरून म्हणते. थोरला बैल परवा नांगराच्या तासातच बसला तो उठलेला नाही. काल जव उकरून पाहिले, दाणे काळे पडलेत. शेवटच्या ओळीपाशी ती थांबते आणि माझ्याकडे बघते. मला माझ्याच लेकीची भीती वाटते, ताई. पण फिलिन्ना पाय धरते. म्हणते, दगड परत नेलात आणि पोरीचा आवाज गेला तर? काय करू?

ल्यूकोन


वद्य तृतीया

चि. ल्यूकोन,

आवाज तिचा नाही, बाबांचा आहे; जीव तिचा आहे. पंचांसमोर खरं सांग आणि चारचौघांदेखत दगड हलव. आजच.

मेलिता


वद्य नवमी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पंच खाली मान घालून बसले. निकिप्पाकाकूंनी मिर्तोच्या हातात अंजीर ठेवलं. दगड ओढ्याकडे रोवला त्या क्षणी मिर्तो गप्प झाली. बैल उठला, चरतो आहे. पोर खाते, हसते, माझं बोट धरून हिंडते, पण बोलत नाही. फिलिन्ना मला ताट वाढते आणि तोंड फिरवते.

एक गोष्ट तुलाच सांगतो. ती माझं बोट धरून मला रोज बांधावर नेते आणि त्या दगडाला हात लावते. मग तोंड उघडून वाट बघत उभी राहते. नुसता वीतभर नाशपातीकडे सरकवला तरी ती पुन्हा बोलेल, हे मला कळतं, आणि तिलाही. काल माझे दोन्ही हात दगडावर होते. ताई, पत्र पोचताच ये, आणि आम्हाला टाकू नकोस.

तुझा धाकटा,
ल्यूकोन