प्लाझ्मा टीव्ही उभाच न्यावा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आणून झाले. ते वाया गेले. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

वकिलांनी केलेला आधीचा मसुदा मी रद्द करते. त्यात कपाट, भांडी यांच्याखाली "एक जुना टीव्ही, मोडीत" असे लिहिले होते. मी विचारले, "मोडीत कोणी काढला?" ते म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांनी." म्हणून मीच लिहायला बसले.

१. राहते घर चिरंजीवांना. त्यांनी ते विकायचे ठरवलेच आहे. मी अजून आत आहे एवढीच अडचण. बैठकीच्या खोलीतला जाड पडदा घर घेणाऱ्याला तसाच द्यावा. तो मी टीव्हीसाठी शिवला. प्लाझ्माच्या काचेत समोरची खिडकी उमटते. पडदा नसता तर दिवसा आम्ही बातम्यांऐवजी शेजाऱ्यांच्या चादरी पाहिल्या असत्या.

२. शिवणयंत्र नणंदेला. "कॉन्व्हेंटची मुलगी, हिला बटण तरी लावता येतं का?" असे तिने माझ्या लग्नात, मला ऐकू जाईल अशा बेताने, विचारले होते. यंत्र नेताना पडद्याची शिवण पाहून जावे.

३. बँकेतली ठेव निम्मी चिरंजीवांना, निम्मी माझ्या शाळेच्या ग्रंथालयाला. सिस्टरांनी मला स्वल्पविराम आणि ताठ बसणे शिकवले. दोन्हींवर मी आयुष्य काढले.

४. आता टीव्ही. बेचाळीस इंची, प्लाझ्मा, चालू स्थितीत.

तो माझ्या पतींनी निवृत्तीनंतर घेतला. दुकानात सगळे संच झगझगीत दिव्यांखाली लावलेले. विक्रेता एका लखलखत्या, पातळशा संचाची आरती ओवाळत होता. ह्यांनी आधी दिवे मालवायला लावले. अंधारात त्या संचावरची रात्र राखाडी दिसली, प्लाझ्मावरची काळीभोर. मग हे भिंतीला चिकटून पार कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

विक्रेता म्हणाला, "काका, समोरून बघा ना."

"समोरून बघणारा घरात मी एकटाच," हे म्हणाले. "ही स्वयंपाकघराच्या दारातून बघते. तिथून चेहरे नीट दिसले पाहिजेत."

मी पाकीट उघडून काहीतरी शोधण्याचे नाटक केले. तोवर माझी समजूत होती, की मी दारात उभी असते हे त्यांच्या गावीही नाही.

पुढे सतरा वर्षे मी त्या दारातून पाहिले. टेनिसचा चेंडू कितीही जोरात मारला तरी मागे शेपूट न सोडता जातो. बाजूने पाहिले तरी माणसांच्या अंगाचा रंग माणसांचाच राहतो. हे खुर्चीतून ओरडायचे, "अगं, बघितलंस का?" मी म्हणायची, "तुमच्या आधी."

शेवटच्या आजारपणात ह्यांनी एकच वाहिनी दिवसभर लावून ठेवली. तिचे चिन्ह वरच्या कोपऱ्यात कायमचे उमटले आहे. दुरुस्तीवाला त्याला डाग म्हणतो. म्हणो.

५. चिरंजीवांचे म्हणणे, की हा टीव्ही जड आहे, तापतो आणि वीज खातो. तिन्ही खरे आहे. जड, गरम डोक्याचे आणि खर्चिक हे तिन्ही शेरे मला त्यांच्या लहानपणी त्यांच्यावर मारता आले असते. मी त्यांना मोडीत काढले नाही.

६. सबब, हा टीव्ही मी सूनबाईंना देते. चिरंजीवांना नव्हे.

आमचे पटत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. ती पाहुण्यांदेखत माझे उच्चार सुधारते आणि मी तिचे. पण माझ्या कमरेचे हाड जोडल्यावर मी त्यांच्याकडे राहिले होते. त्यांच्या घरी कागदासारखा पातळ नवा टीव्ही आहे. चिरंजीव समोर, सोफ्यावर पसरलेले. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. मी काठी टेकत तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिथून पडद्यावरची सगळी माणसे धुऊन विटल्यासारखी दिसत होती.

"इथून काही दिसतं का गं तुला?"

"कळतं तेवढं, आई," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे कसं छान दिसतं दारातून!"

सोफ्यावरून आवाज आला, "मग इकडे येऊन बस की! कोणी अडवलंय?"

"गॅसवरचं कोण बघेल, तू?" हे आम्ही दोघी एकदम म्हणालो. एवढ्या वर्षांत आमचे एकमत झाले ते तेव्हा.

म्हणून टीव्ही तिचा, एकटीचा. दारातून दिसेल असाच लावावा. तिच्या परवानगीशिवाय विकू, बदलू वा भंगारात देऊ नये. चिरंजीवांना पाहायचा असल्यास पाहावा. आणि कधीतरी दारात उभे राहूनही पाहावा.

७. ने-आण करताना टीव्ही आडवा ठेवू नये, काच तडकते. घरी आणताना हे टेम्पोत त्याला धरून वाटभर उभे होते. तसेच कोणीतरी उभे राहावे. मला आडवी नेलीत तरी माझी तक्रार नाही. तो उभाच न्यावा.

सही: (स्वहस्ते, पाठ ताठ ठेवून)

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई
२. टीव्ही दुरुस्तीवाले, "डाग" या शब्दाबद्दल माफी मागून

दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराचे दार