आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

कळंब, रविवार, संध्याकाळ

आईच्या पुण्यतिथीसाठी केलेली फ्रेम आणली आन् डोकंच फिरलं. हनुवटीवरचं गोंदण गायब! स्टुडिओवाला म्हणाला, “ताई, डाग वाटला, साफ केला.”

त्याचं तरी काय चुकलं? दादानं त्याच्या आयफोनमधला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, तो माझ्या मोबाईलवर फुटलेलाच आला. येरमाळ्याच्या यात्रेत गोंदलेल्या तीन ठिपक्यांचा एकच धब्बा झालेला.

दादाला फोन लावला. “तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फुटणार नाही.”

“अगं, चेहरा कळतोय की! लई ताणू नको.”

ताणणारच. पाठवेपर्यंत फोन ठेवलाच नाही. फाईल आली, बोटांनी मोठी केली. तीन ठिपके, वेगवेगळे!

उद्या स्टुडिओत समोर बसूनच नवी फ्रेम करून घेते. म्हणावं, आईला देखणी करू नका, आईच राहू द्या.